मनालीचा देवदार आणि आपले अंगण

हिमाचलच्या सहलीला गेलात तर मनालीच्या बाजारात फार रेंगाळू नका. जवळच ढुंगरी आहे, तिकडे पायी जा. भीमाची पत्नी हिडिंबा हिचे १५५३ साली बांधलेले लाकडी देऊळ तेथे आहे. देवीचे दर्शन घ्या आणि मग मान वर करून भोवतालचे वन पाहा. ते देवदाराचे.

आपल्याकडे देवदार म्हटले की फळांची खोकी आठवतात. ती ‘देवदारी’ खोकी बहुधा चिडासारख्या हलक्या लाकडाची असतात. खऱ्या देवदाराच्या लाकडात सुवासिक तेल असते, म्हणून त्याला वाळवी आणि बुरशी सहज लागत नाही. पहाडातली जुनी घरे, देवळे त्याचीच. पण हाच गुण त्याच्या मुळावर आला. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या स्लीपरांसाठी हिमालयातले देवदार बेसुमार तुटले. आपण ज्या सावलीत उभे राहतो ती त्यातून वाचलेली आहे, एवढे ध्यानात ठेवा.

मुले खाली शंकू शोधतील, पण अख्खा सापडणे कठीण. देवदाराचा शंकू फांदीवर उभा असतो आणि पिकला की झाडावरच फुटून पाकळ्या गळतात. म्हणून बी धरणारे लोक शरद ऋतूत, फुटण्याआधीच शंकू उतरवतात व उन्हात वाळवतात. बी तेलकट असल्याने फार दिवस टिकत नाही. ते त्याच हिवाळ्यात वाफ्यात पेरतात. थंडी खाऊन ते वसंतात उगवते. कोवळ्या रोपांना सावली हवी, आणि पाणी साचले की ती बुडाशी कुजून कोलमडतात. रोपवाटिकेत दोन-अडीच वर्षे सांभाळून मग पावसाळ्याच्या तोंडाशी डोंगरावर लावतात. एवढी सबुरी आपण आंब्याच्या कलमालाही दाखवत नाही!

परतताना कोणी पिशवीतले गोंडस रोप पुढे करील. घेऊ नका. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंच, म्हणजे महाबळेश्वराच्या जवळजवळ दीडपट. तेथला बर्फ आपण कोठून आणणार? आपला उन्हाळा आणि पावसाळ्यात चिबडणारी काळी जमीन या झाडाला मानवत नाही. पैसे जातील आणि रोपही जाईल.

अंगणात शंकूच्या घाटाचे झाड हवेच असेल तर मोरपंखी लावा. तीही सूचिपर्णी कुळातलीच, पण आपल्या हवेत रुळलेली. जागा उन्हाची निवडा. भारी जमीन असेल तर खड्ड्यात मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून भरा आणि रोप थोडे उंचवट्यावर लावा. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नका, नाहीतर आतली पाने तांबूस होऊन वाळतात. कात्री फक्त हिरव्या शेंड्यांवर चालवा. जुन्या, उघड्या लाकडापर्यंत छाटलेली मोरपंखी तेथून सहसा पुन्हा फुटत नाही.