कोणी कोणाच्या मागं नाही

साखरखेर्ड्यात आमचं गाणं एका रेषेत चालायचं. भजनात बुवा पुढे, टाळकरी मागे आणि बाबांची पेटी बुवांच्या आवाजाला धरून. १९८८च्या हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर ‘भारत एक खोज’ सुरू झालं. शीर्षकगीत ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचं. बाबा वैतागले, “इतके लोकं एकदम काऊन गाऊन राह्यले? कोणी कोणाच्या मागं नाही!”

ते संगीत वनराज भाटियांचं, हे मला पुण्यात शिकायला गेल्यावर कळलं. १९२७ साली मुंबईत जन्मलेले भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि मग पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले. परतल्यावर काही वर्षं दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं. पण त्या संगीतावर इथे पोट भरेना. त्यांनी हजारो जिंगल्स केल्या; ‘लिरिल’ची त्यांचीच. श्याम बेनेगलांसाठी ‘अंकुर’, ‘मंथन’ केले. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेल्या ‘भूमिका’त जुन्या सिनेमाची गाणी नव्याने घडवली. ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उतारवयात मात्र ते गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा लिहीत राहिले. त्याच्यासाठी कोणी जाहिरातदार थांबला नव्हता. शेवटी त्यांच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या आल्या.

बाबांना खटकलेली गोष्टच त्यांची खरी कमाई होती. एका वेळी अनेक चाली, प्रत्येक आपल्या पायावर उभी, तरी एकमेकींना सांभाळून. सृष्टी कुठून आली हे कोणाला ठाऊक, असं विचारणाऱ्या सूक्ताला एकट्याचा ठाम आवाज कदाचित शोभलाही नसता.

मे २०२१मध्ये भाटिया गेले. तेव्हा मी गावीच होतो. देऊळ बंद, भजन बंद. बाबांना मोबाइलवर ते गाणं लावून दिलं. या वेळी ते वैतागले नाहीत. “परत लाव.” चौथ्यांदा पेटी ओढून घेतली आणि वरची चाल सोडून खालचा आवाज शोधू लागले.

“हा कोणाच्या मागं नाही रे,” म्हणाले. “याची याची चाल आहे.”

चाळीस वर्षं बुवांच्या मागे पेटी धरलेला माणूस त्या दुपारी थरथरत्या बोटांनी तेवढेच चार-पाच सूर वाजवत बसला. मी मोबाइल बंद केला. ते थांबले नाहीत.