दोघांना दोन इंद्रधनुष्यं

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या नववीच्या दोन मुलींच्या गुणपत्रकावर परीक्षकांनी शेरा मारला होता, ‘संकल्पना स्पष्ट नाही.’ त्याला आता बरीच वर्षं झाली. मुली कदाचित विसरल्याही असतील. मला तो शेरा अजून टोचतो.

उपकरण अगदी साधं होतं. काळा रंग दिलेला प्लायवूडचा तुकडा, त्यावर स्प्रेच्या गोंदाचा पातळ थर आणि वरून चाळणीने भुरभुरलेले काचेचे मणी. रस्त्यावर पांढरे पट्टे मारताना ओल्या रंगावर टाकतात तेच हे मणी, रव्यासारखे बारीक. गाडीच्या दिव्याचा प्रकाश ते गाडीकडेच परत पाठवतात, म्हणून रात्री पट्टे चमकतात. शाळेसमोर पट्ट्यांचं काम चाललं होतं, तेव्हा डांबरावर सांडलेल्या मण्यांत मुलींना आपल्या डोक्याच्या सावलीभोवती रंगीत कडं दिसलं. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून पावसाचं इंद्रधनुष्य आकाशात दिसत नाही, आणि इथे भर उन्हात ते पायाशी पडलं होतं. कामगारांनी डबाभर मणी आनंदाने दिले.

प्रकाश मण्यात शिरताना वळतो, मागच्या बाजूवर आतून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. थेंबातही हेच घडतं. पण काच पाण्यापेक्षा प्रकाशाला जास्त वळवते, म्हणून पाण्याच्या धनुष्याची त्रिज्या ४२ अंश, तर काचेच्या धनुष्याची साधारण २२ अंश. देकार्तने १६३७ साली इंद्रधनुष्याचा उलगडा लिहिला, तेव्हा त्यानेही पाण्याने भरलेला काचेचा मोठा गोल घेऊनच प्रयोग केले होते. मणी गोंदात बुडाले तर मागचं परावर्तन क्षीण होतं आणि रंग फिके पडतात. हे मुलींना मी सांगितलं नव्हतं, त्यांनी मण्यांचे असे फळे पुन्हा पुन्हा बनवून स्वतः शोधलं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट झगझगत होत्या. या प्रयोगाला टॉर्चसारखा एकच बारीक, प्रखर दिवा लागतो. ट्यूब लांबलचक असल्यामुळे तिच्या प्रत्येक भागाचं कडं वेगळ्या जागी पडतं आणि रंग एकमेकांत मिसळून जातात. आमच्या कोपऱ्यातली एक ट्यूब बंद करा, एवढीच विनंती केली होती. ‘सगळ्यांना सारखे नियम’ म्हणून तीही नाकारली गेली. मुलींनी चादर ताणून अंधार केला.

दोन परीक्षक आले आणि खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एकाने बोट टेकवून विचारलं, “हा लाल रंग इथे का?” दुसरे म्हणाले, “तिथे लाल कुठाय? तिथे हिरवा आहे.” पहिले म्हणाले, “अहो, समोर दिसतोय.” मग दोघांनी जागा बदलल्या आणि रंगही बदलले. तेव्हा धाकटी दिसणारी मुलगी उत्साहाने म्हणाली, “सर, तुमचं धनुष्य वेगळं आणि त्या सरांचं वेगळं. दोघांना एकच धनुष्य दिसूच शकत नाही.”

तिचं वाक्य अक्षरन् अक्षर बरोबर होतं. मण्यापासून दिव्याकडे आणि मण्यापासून डोळ्याकडे जाणाऱ्या रेषांत जिथे तो ठरावीक कोन होतो, तिथलेच मणी त्या डोळ्याला रंगीत दिसतात. डोळा हलला की मणी बदलतात. आपल्या स्वतःच्या दोन डोळ्यांनाही दोन वेगळी कडी दिसतात, म्हणून ते कडं फळ्याच्या पातळीत न राहता अधांतरी तरंगतं. एक डोळा मिटला की तो भास जातो. मुलगी हे दाखवणारच होती. “सर, एक डोळा मिटून बघा,” एवढं ती म्हणालीही. “आम्हाला शिकवू नकोस,” असं उत्तर आलं. “जागेवर राहत नाही ते मॉडेल कसलं?” म्हणत ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे मोटरवर फिरणारी पवनचक्की होती. मुलीने टॉर्च बंद केला आणि निकाल लागेपर्यंत पुन्हा लावला नाही.

त्या दिवशी मी ठरवलं होतं की पुन्हा प्रदर्शनाला मुलं आणायची नाहीत. पुढच्या वर्षी आणली. आणि आज खरं सांगायचं तर, “जागेवर राहत नाही ते मॉडेल कसलं?” हा प्रश्न मला त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. धनुष्य जर वस्तू नसेल, तर आपण पाहतो ते नक्की कुठे असतं? त्यांनी तो विचारून उत्तरासाठी फक्त दोन मिनिटं थांबायला हवं होतं. राग आहे तो न थांबण्याचा.

हा प्रयोग तुम्ही घरीही करू शकता. मणी डोळ्यांत आणि श्वासात जाऊ देऊ नका, फरशीवर सांडले तर लगेच गोळा करा, त्यावरून पाय सटकतो. टॉर्च खांद्याच्या मागे, उंचावर धरा आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. आणि कुणी परीक्षक हे वाचत असतील तर त्यांना एकच विनंती : मूल ‘एक डोळा मिटून बघा’ म्हणालं, तर कृपा करून मिटा.