खाडी आली की थांबायचं!

सणसवाडीत राहणाऱ्या नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला वेळ कधी मिळतो? सोप्पं उत्तर आहे. मिळत नाही! माझा नवरा इथल्याच एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, मग सेकंड, मग नाइट. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे सगळ्याच शिफ्ट माझ्या. तो घरी येतो तेव्हा माझी डेडलाइन असते आणि मी मोकळी होते तेव्हा तो घोरत असतो. आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो. ‘दूध तापवलंय. सिलिंडर लाव.’ बस्स, एवढाच संवाद!

म्हणूनच दसरा झाल्यावर त्याने पाच दिवसांची रजा टाकली, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, कोकण! तेसुद्धा हायवेने नाही, समुद्राच्या कडेकडेने. हरिहरेश्वर ते गणपतीपुळे.

वाघोलीचं ट्रॅफिक पार करून ताम्हिणीला लागलो आणि मूडच बदलला. पावसाळी गर्दी गायब, गवत सोनेरी व्हायला लागलेलं. खाली उतरलो तर खाचरांमध्ये भाताची कापणी चाललेली. ऑक्टोबर हीट होती, घामही होता, पण आकाश एकदम स्वच्छ!

नकाशात हा किनारा सरळ रेघेसारखा दिसतो. फसू नका! सह्याद्री इथून इतका जवळ आहे, की त्यातून निघालेल्या नद्या धावतपळत समुद्राला मिळतात आणि भरतीचं पाणी त्यांच्या मुखातून पार आत शिरतं. म्हणजे थोडं पुढे गेलात, की खाडी. मग दोनच पर्याय. आत जाऊन लांबचा वळसा घाला, नाहीतर फेरीबोटीची वाट बघा. इथले लोक तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात. गाडी थेट बोटीवर चढवायची, हॅण्डब्रेक ओढायचा आणि गप्प उभं राहायचं.

पहिली खाडी सावित्रीची. बागमांडल्याहून पलीकडे वेश्वीला जायचं होतं. बोट यायला वेळ होता. मी फोटो काढत होते आणि नवरा जरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. वारा माझ्याच दिशेने होता. ‘हो सर, चेन्नईचं सोमवारी फायनल सांगतो.’

चेन्नईचं? कसलं चेन्नईचं?

मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. केळशी गेली, आंजर्ले गेलं, गाडीत फक्त गाणी वाजत होती. हर्णैच्या बंदरावरून समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसत होता. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांनी जिंकला, तोही पेशव्यांशी करार करून. ‘घरातलीच माणसं परस्पर ठरवतात ना, तेव्हा असं होतं,’ मी म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. टोमणा पोचला होता.

दुसरी खाडी वाशिष्ठीची. दाभोळहून धोपाव्याला जाणारी ही फेरी २००३ पासून सुरू आहे. नाहीतर चिपळूणकडून वळसा! आम्ही पोचलो आणि बोट नुकतीच सुटलेली. इंजिन बंद. गाणी बंद. नवरा स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, ‘ट्रान्स्फर आलीय. चेन्नईच्या प्लांटला. प्रमोशनवर.’

‘कधी कळलं?’

‘तीन आठवडे झाले.’

तीन आठवडे! पेपरवाल्याचं बिल चिठ्ठीवर लिहिणाऱ्या माणसाला हे लिहायला जागा मिळाली नाही? मी जाम भडकले. ‘तू नाहीच म्हणणार, तुझं सगळं काम इथे आहे, मग कशाला सांगू, असं वाटलं,’ तो म्हणाला. आणि मला एकदम गप्प व्हायला झालं. कारण गेल्या वर्षी मला मुंबईत एक फुलटाइम नोकरी मिळत होती. तुझी कंपनी इथे आहे म्हणून मी ती परस्पर नाकारली होती. त्याला न सांगता. आणि नंतर वर्षभर प्रत्येक भांडणात तिचा राग त्याच्यावर काढला होता. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही!

बोट आली. पाण्याच्या मधोमध मी त्याला ते सांगून टाकलं. बोटीवरून उठून जाणार कुठे?

मुक्काम हेदवीला होता. सकाळी भरतीच्या वेळी बामणघळ बघायला गेलो. काळ्या खडकातली ती अरुंद फट! लाट आत घुसते, कोंडते आणि धाडकन वर उसळते. ‘सेफ्टी व्हॉल्व्ह नाहीये ना,’ माझा प्रॉडक्शनवाला नवरा गंभीरपणे म्हणाला. दोन दिवसांनी मी पहिल्यांदा खळखळून हसले.

तिसरी खाडी शास्त्री नदीची, तवसाळ ते जयगड. यावेळी बोटीला उशीर व्हावा असंच वाटत होतं. पगार किती वाढेल, मला तिथून लिहिता येईल का, त्याच्या आईचं काय, सगळं बोलून झालं. ठरलं मात्र काहीच नाही! गणपतीपुळ्याला पोचल्यावर त्याने साहेबांना फोन करून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. मी समोर उभी असताना.

हा लेख तुम्ही वाचाल तोवर आम्ही कदाचित चेन्नईचं तिकीट काढलेलं असेल, कदाचित नसेल. ते महत्त्वाचं आहेच, खोटं कशाला बोलू? पण ट्रान्स्फरचं पत्र आता त्याच्या बॅगेत नाही. ते फ्रिजवर आहे, दुधाच्या चिठ्ठीशेजारी.

परत येताना वाघोलीत नेहमीसारखे अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, कंपन्यांच्या बसेस. एरवी नवरा हॉर्नवर हात ठेवून बसला असता. त्याने इंजिन बंद केलं, हॅण्डब्रेक ओढला आणि म्हणाला, ‘बोल. बोट यायला वेळ आहे.’