अहवाल येईपर्यंत

विमान पडल्याची बातमी आली की वैमानिकाच्या घरचा फोन थांबत नाही. आधी ‘तू नव्हतास ना त्यात?’ आणि आपला आवाज ऐकून हायसं वाटलं की लगेच, ‘काय झालं असेल रे?’ या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. पुण्याच्या मामांना याचा राग आहे. टीव्हीवरच्या माणसाला दोन तासांत कळतं आणि इतकी वर्षं विमान उडवणाऱ्या भाच्याला कळत नाही, म्हणजे काय!

पण आम्ही वैमानिक अंदाज करत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ब्रीफिंग रूममध्ये, हॉटेलकडे निघालेल्या क्रू-बसमध्ये, सिम्युलेटरच्या चहाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. अंदाज हा आमचा धंदाच आहे. टेक-ऑफआधीचं रोजचं ब्रीफिंग म्हणजे दुसरं काय? इंजिन या वेगाच्या आत गेलं तर थांबायचं, नंतर गेलं तर उडायचं, पुढे अमुक डोंगर, तमुक वळण. आमचा अंदाज ‘मग मी काय करीन?’ इथे येऊन थांबतो. बाहेरच्या अंदाजाला मात्र शेवटी एक माणूस लागतो.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला ड्रीमलायनर पडलं. मोबाइलवरची एक धूसर चित्रफीत आली आणि संध्याकाळपर्यंत फ्लॅप उघडलेच नव्हते, हे ठरूनही गेलं. त्या विमानाचे टेक-ऑफचे फ्लॅप इतक्या लांबून दिसणं कठीण, पण ऐकतो कोण? मग पक्षी आले, मग भेसळीचं इंधन आलं. महिन्याभराने प्राथमिक अहवालात निघालं की फ्लॅपचा दांडा पाच अंशांवर, म्हणजे हवा तिथेच होता, इंधनाचे नमुने ठीक होते आणि पक्ष्यांचा म्हणावा असा वावर नव्हता. एका महिन्याच्या पांडित्याचा निकाल लागला, पण कुणी शब्द मागे घेतल्याचं ऐकलं नाही. घ्यायला वेळ कुठे होता? त्याच अहवालात पुढचं खाद्य होतं. दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले, एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं, बंद का केलंस? दुसरा म्हणाला, मी नाही केलं. कोण काय म्हणालं, हे मात्र अहवालात नव्हतं. मधली रिकामी जागा जगाने एका रात्रीत भरली.

ते स्विच थ्रस्ट लीव्हरच्या खाली असतात आणि वर उचलल्याशिवाय सरकत नाहीत. त्यामुळे ‘आपोआप जातीलच कसे?’ हा आमच्यातल्या अनेकांचा पहिला उद्गार होता, माझाही. पण हाताला ठाऊक असलेल्या गोष्टीवरून कुणाचा हात आणि का, हे सांगता येत नाही. तेवढ्यावरून एका मेलेल्या माणसाच्या मनात शिरणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

असं झालं की मला हीथ्रोचं बोइंग आठवतं. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं ७७७ उतरताना सुमारे सातशे फुटांवर होतं. दोन्ही इंजिनांकडे जोर मागितला, तो आला नाही. कॅप्टन पीटर बर्किल यांनी फ्लॅप ३० वरून २५ वर घेतले. ऐन उतरताना असं कुणी करत नाही, पण त्याने विमान थोडं पुढे गेलं, वाटेतली अँटेना चुकली आणि ते धावपट्टीच्या अलीकडे गवतात आदळलं. १५२ जणांपैकी कुणी दगावलं नाही. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन त्याच दिवशी हीथ्रोहून चीनला निघाले होते, तेव्हा त्यांच्या ताफ्यातल्या जॅमरमुळे इंजिनं बसली, हाही एक सिद्धांत झाला. इथवर हसून सोडता येतं. पण काही दिवसांत, कॅप्टन ऐन वेळी गारठून बसले, अशी कुजबुज सुरू झाली, आणि तीही सहकाऱ्यांतच! पुढच्या वर्षी बर्किलांनी ती नोकरी सोडली.

खरं कारण कुणाच्याच डोक्यात नव्हतं. सायबेरियावरच्या थंडीत इंधनातल्या पाण्याच्या अंशाचा बर्फ नळ्यांच्या आतून साचत गेला. उतरताना प्रवाह वाढला तसा तो सुटला आणि इंधन गरम करणाऱ्या उपकरणाच्या तोंडाशी जाऊन अडकला. शोधणाऱ्यांनाही हे पटकन पटलं नाही, कारण बर्फ पुरावा ठेवत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये शांघायहून अटलांटाला निघालेल्या डेल्टाच्या ७७७ चं एक इंजिन, तसंच उपकरण असलेलं, मोंटानावर असंच मंदावलं आणि सावरलं. तेव्हा गाठ सुटली. अंतिम अहवाल २०१० ला आला. त्या उपकरणाच्या तोंडाशी नळ्या किंचित पुढे आलेल्या होत्या. त्या सपाट केल्या. जॅमरवाल्यांकडून विमानात काहीही बदललं नसतं.

कौतुकाचे अंदाजही तितकेच घाईचे असतात, हे आम्ही कबूल करत नाही. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० च्या पावसात विमान टेबलटॉप धावपट्टीवरून खाली गेलं. कॅप्टन हवाई दलात घडलेले, नागपूरच्या घरातले. दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या शौर्यकथा फिरू लागल्या आणि आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्या पुढे पाठवल्या. वर्षभराने अहवाल आला: अस्थिर अवस्थेत उतरणं चालूच ठेवलं, विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं. पण त्याच अहवालात कॅप्टनच्या बाजूचा बंद पडलेला वायपर होता, तिथे कॅप्टनांची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या सकाळचं उड्डाण त्यांच्याच नावावर होतं, हेही होतं. हा भाग कुणीच पुढे पाठवला नाही. त्यात ना नायक होता ना खलनायक, नुसती ड्यूटीची यादी होती. मी सिम्युलेटरवर तोच भाग शिकवतो.

आमच्यातला वाद असा. जुने कॅप्टन म्हणतात, रिपोर्ट येऊ दे, तोवर तोंड बंद. परवा एक तरुण फर्स्ट ऑफिसर म्हणाली, “सर, आपण गप्प बसलो तर ज्यांना काही कळत नाही ते बोलतात. रिपोर्ट येईपर्यंत त्या माणसाच्या घरच्यांनी काय ऐकत राहायचं?” मला तिचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. बोलायचं ते वैमानिकांनी नव्हे, तपास करणाऱ्यांनी. अमेरिकेत एनटीएसबी या तपास संस्थेचे लोक अपघातस्थळावरून पत्रकारांना सामोरे जातात: एवढं मिळालं, एवढं अजून नाही, कारण आत्ता विचारू नका. आपल्याकडे महिनाभर जवळजवळ मौन आणि मग कॉकपिटमधलं दीड वाक्य. ते सबंध संदर्भासह द्यायला हवं होतं, नाहीतर द्यायलाच नको होतं. कॉकपिटमधलं बोलणं अर्धवट बाहेर काढलं, तर उद्या त्या माइकसमोर मोकळेपणाने बोलेल कोण?

यावर एक जुने कॅप्टन म्हणाले, “म्हणजे तुझंही मत झालंच की.” झालं आहे, पण ते अहवाल कसा लिहावा याबद्दलचं आहे. स्विच कुणी हलवला, याबद्दल नाही. मामांना हा फरक कसा सांगायचा, ते मात्र अजून जमलेलं नाही.