गाडीच्या दाराचा गंज

मुलांनो, वर्गात मी सारखी म्हणते, "घाई करू नका." पण आमच्या जुन्या मारुती ८०० च्या दाराला गंज चढला, तेव्हा मीच त्यावर सरळ रंग फासला. पावसाळ्यात रंगाला फोड आले! आत गंज वाढतच होता.

"आई, आधी खरवडायचा होता ना?" लेक म्हणाली. काय बोलणार?

दिवाळीच्या सुट्टीत तोंडाला फडकं बांधून ८० नंबरच्या पॉलिशपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. खळग्यांत लांबी भरली, वाळल्यावर २२० नंबरने घासली. मला सपाट वाटली. लेकीने डोळे मिटून तळहात फिरवला आणि दोन खळगे दाखवले. पुन्हा लांबी! मग प्रायमर, मग रंग.

रंग जरा गडदच झालाय. आमची गाडी लांबूनही ओळखू येते.