रवण

द्विज या शब्दाचे अर्थ तीन : ब्राह्मण, पक्षी आणि दांत. आम्ही शिकवितों इंग्रजी; तरी वर्गांत शब्दांचा विषय निघाला म्हणजे हे तीन अर्थ सांगून, एकदां अंड्याच्या रूपानें व पुन्हा अंडें फोडून जन्मतो म्हणून पक्षी द्विज, असें स्पष्टीकरण देण्याचा मोह आम्हांस गेलीं तीस वर्षें आवरलेला नाहीं. मौंजीचा दुसरा जन्म आमच्या वांट्यास आठव्या वर्षीं आला, आणि दांतांचा आतां ओसरूं लागला आहे; परंतु पक्ष्याचा दुसरा जन्म कसा होतो हें वयाच्या छपन्नाव्या वर्षापर्यंत आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. पाहणार तरी कसें? आमच्या घरांत अंडें कधीं आलेलें नाहीं. कोंबडीशीं आमचा संबंध पहाटे तिच्या नवऱ्याची बांग ऐकण्यापुरता. तो वाढण्याचा योग गेल्या दिवाळीच्या सुट्टींत वेल्ह्याकडे आला.

तोरण्याच्या पायथ्याशीं, कानद खोऱ्यांत, आमचें वडिलार्जित घर आहे. आमचे आजोबा पंतसचिवांच्या भोर संस्थानांत कारकून होते. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, नोकरी गेली, घर तेवढें राहिलें. वर्षांतून दोनदां आम्ही उभयतां तेथें जाऊन कौलें मोजतों व परत येतों. दिवाळीच्या सुमारास तिकडे भाताची कापणी चाललेली असते, आणि खाचरांत गळलेल्या दाण्यावर गांवच्या कोंबड्या चांगल्या पोसतात. शेजारच्या म्हातारीची एक करड्या रंगाची कोंबडी होती. आम्ही गेलों तेव्हां ती खुडूक होऊन रवणीला बसली होती. खुडूक झालेली कोंबडी अंडीं घालणें थांबविते, पिसें फुलवून एका जागीं बसते, आणि कोणी जवळ गेलें कीं घशांतल्या घशांत कुरकुरते. टोपलींत खालीं राख, तिच्यावर भाताचा पेंढा, पेंढ्यावर नऊ अंडीं, आणि अंड्यांच्या कडेला एक कोळसा व एक गंजका लोखंडी खिळा, अशी म्हातारीनें मांडणी केली होती. खिळा कशाला, असें विचारतां ती म्हणाली, “आभाळ गडगडलं का अंडी नासत्यात गुरुजी. लोखंड असलं म्हंजी बाधत न्हाई.”

आम्ही हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. पुढें रात्रीं आठवण झाली कीं, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें मेघगर्जनेनें अंडीं बिघडूं नयेत म्हणून पेंढ्याखालीं लोखंडी खिळा ठेवण्याचा हाच उपाय लिहून ठेवला आहे. म्हातारीनें प्लिनी वाचला नाहीं, आणि प्लिनी वेल्ह्यास आला नव्हता. मग हा खिळा इकडून तिकडे गेला कीं तिकडून इकडे आला, कीं जेथें जेथें कोंबडी आणि पाऊस आहे तेथें तेथें तो आपोआप सुचतो, याचा विचार करीत आम्ही झोंपीं गेलों.

पहाटे रानमांजरानें कोंबडी नेली.

उजाडतां उजाडतां म्हातारी पदरांत अंडीं घेऊन आमच्या ओटीवर उभी होती. “तेरा रोज झालं हुतं,” ती म्हणाली. “दुसरी कोण खुडूक न्हाई आळीत. पोरं म्हनत्यात, दिव्याच्या पेटीत निघत्यात पिल्लं. तुमी शिकल्यालं हाय, बगा काय व्हतं का.” शिकलेपणाच्या या पुराव्यापुढें आम्ही निरुत्तर होऊन पत्नीकडे पाहूं लागलों. तिच्या सोंवळ्यासंबंधीं आमच्या आप्तांत पुष्कळ गोष्टी प्रसिद्ध आहेत. अंडीं आंत येणार नाहींत, हें ती कोणत्या शब्दांत सांगते एवढाच काय तो प्रश्न होता. तिनें एकदां पदरांत डोकावून पाहिलें, “अजून आठ दिवस ना?” असें विचारलें, आणि आपली लोंकरी शाल चुलीजवळ पसरून तींत एक एक अंडें स्वतःच्या हातानें ठेवलें. आम्हीं कांहीं बोलण्याचें टाळलें.

अंड्यांना हवी असते ऊब, सुमारें शंभर अंश फारनहाइट. एक-दोन अंशांपलीकडे फरक फार वेळ सोसत नाहीं. हवेंत ओलावा पाहिजे, नाहीं तर आंतील पडदा वाळून पिलास चिकटतो. आणि दिवसांतून अनेकदां अंडें फिरविलें पाहिजे. न फिरविल्यास गर्भ कवचाच्या आंतल्या बाजूस चिकटून मरतो. कोंबडी हें सर्व चोंचीनें व पोटाच्या उघड्या कातडीनें करते. अशा दोन-तीन गोष्टी माणसानें साधल्या कीं कोंबडीची गरज उरत नाहीं, हें मिसरच्या लोकांस दोन हजार वर्षांपूर्वींच कळलें होतें; तेथें मातीच्या भट्ट्यांतून हजारों अंडीं एका वेळीं उबवीत. फ्रान्समध्यें रेओम्यूर यानें १७४९ सालीं या विद्येवर ग्रंथच लिहिला. आज आपल्या पुण्याजवळ खडकी येथें सरकारचें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. लेगहॉर्नसारख्या जातींच्या कोंबड्यांना तर बसण्याची बुद्धीच राहिलेली नाहीं. पिढ्यान् पिढ्या निवड करून माणसानें ती काढून टाकली, कारण बसलेली कोंबडी अंडीं देत नाहीं.

एवढी विद्या जवळ असून आमचें अडलें तें दिव्यापाशीं. घरांत चार दिवे होते, चारही नव्या तऱ्हेचे. प्रकाश पुष्कळ, ऊब नाहींच. जुना तारेचा, तापणारा दिवा पाहिजे होता. पुतण्यास मोटारसायकलवर नसरापूरला पाठविलें. तेथें तापमापक मिळाला, दिवा मिळाला नाहीं. तो तसाच पुढें भोरला गेला आणि एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून साठ वॅटचा, धुळीनें माखलेला एकच दिवा घेऊन दुपारीं परतला. तोंवर चुलीजवळची शाल पत्नीनें क्षणभरही सोडली नव्हती. औषधें येतात तसली थर्माकोलची पेटी, तिला भोंकें, आंत दिवा, कोपऱ्यांत पाण्याची वाटी, असा संसार मांडला. अंडें फिरविलें कीं नाहीं हें कळावें म्हणून उत्तरपत्रिका तपासण्याच्या तांबड्या पेन्सिलीनें आम्हीं प्रत्येकावर एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस शून्य काढलें. त्या पेन्सिलीनें शून्य देण्याची संवय हाताला होतीच.

रात्रीं अंधारांत विजेरीपुढें एक एक अंडें धरून पाहिलें. दोन अंडीं स्वच्छ पारदर्शक निघालीं. तीं पहिल्यापासूनच वांझ होतीं. बाकीच्या सातांत काळी सावली, तिच्याभोंवतीं तांबड्या शिरांचें जाळें, आणि सावली हलली! ॲरिस्टॉटल कोंबडीचीं अंडीं फोडून रोजच्या रोज गर्भाची वाढ पाहत असे. त्याला आरंभीं हृदय म्हणून एक रक्ताचा उडता ठिपका दिसला, असें त्यानें लिहिलें आहे. त्याला तें पाहण्यासाठीं अंडें फोडावें लागलें. आम्हांस सेलच्या विजेरीनें भागलें. पत्नीनें विजेरी आमच्या हातांतून घेतली व पुन्हा पहिल्यापासून सातही अंडीं पाहिलीं.

त्यानंतरचे पांच दिवस सांगण्यासारखे नाहींत. फिरविणें, पाणी घालणें, तापमापक पाहणें. मधून मधून म्हातारी येई, पेटींत डोकावे, आणि खिळा ठेवला आहे ना याची खात्री करून जाई.

एकोणिसाव्या रात्रीं परतीचा पाऊस आला. तोरण्यावर विजा कडाडत होत्या. आमची वीज साडेनऊला गेली ती परत आलीच नाहीं. पेटींतला आंकडा उतरूं लागला. पत्नीनें चूल पेटविली, घरांतल्या सगळ्या बाटल्यांत ऊन पाणी भरलें, आमचें जुनें मऊ धोतर फाडून त्यांभोंवतीं गुंडाळलें आणि त्या अंड्यांच्या दोन्ही अंगांना लावल्या. अर्ध्या अर्ध्या तासानें बाटल्या बदलावयाच्या. आम्ही पाणी तापवीत होतों, ती पेटीपाशीं बसली होती. पहांटेच्या सुमारास, केवळ जागे राहावें म्हणून, आम्हीं तिला एक गोष्ट सांगितली. ती आम्हांला कित्येक वर्षांपासून ठाऊक होती व तिला सांगण्याचें आम्हीं मुद्दाम टाळलें होतें. १८८० च्या सुमारास पॅरिसचे प्रसूतिवैद्य तार्निए यांनीं तेथील प्राणिसंग्रहालयांत कोंबडीचीं अंडीं उबविण्याची पेटी पाहिली, आणि तेथील कोंबड्यांच्या जाणकाराकडून अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीं तशीच एक करवून घेतली. रुग्णालयांतल्या कांचेच्या पेट्या तिच्या वंशांतल्या.

१९९६ च्या श्रावणांत आमची मुलगी दोन महिने आधीं जन्मास आली होती. पुण्यांतील एका रुग्णालयांत ती तशा पेटींत होती. पेटीच्या बाजूस उष्णतेचा आंकडा दिसे, आणि आम्ही उभयतां बाहेरून तो आंकडा पाहत उभे राहूं. हात लावूं देत नसत. बारशाचा दिवस उजाडला नाहीं. म्हणून तिला नांव नाहीं. आमच्या घरांत तिच्याविषयीं बोलणें होत नाहीं.

पत्नी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “आंत ऊब होती ना हो?”

आम्हीं होय म्हटलें.

आणखी एक गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. ती मात्र त्या रात्रीं सांगितली नाहीं. कोलंबिया देशांत बोगोटा येथें १९७८ च्या सुमारास, पेट्या पुरेनात म्हणून, डॉक्टरांनीं अशीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्यास आरंभ केला, आणि तीं जगूं लागलीं. आतां आपल्याकडेही तसें करतात. छापून आलेले आमचे लेख ती वाचते. हें वाक्य लिहितांना आम्ही दोन दिवस थांबलों होतों.

सकाळीं दहाला वीज आली. एकविसाव्या दिवशीं कांहीं झालें नाहीं. मधल्या गारठ्यानें दिवस लांबला असावा. बाविसाव्या दिवशीं पहाटे पत्नीनें आम्हांस हलवून उठविलें : अंड्यांतून चिवचिव ऐकूं येत होती. कवच अजून अभंग होतें. पिलूं प्रथम अंड्याच्या रुंद टोंकाकडील हवेच्या पोकळींत चोंच घालून श्वास घेतें, आणि मग चोंचीवरच्या एका बारीक दातानें कवचास टोंचा मारतें. द्विजाला दांतही असतो तर! दुपारपर्यंत चार अंड्यांना भोंकें पडलीं. एकाचें भोंक तेवढेंच राहिलें. तास गेले, पुढें कांहीं होईना. आम्हीं चिमटा आणला. एक टवका काढला असता तर काम झालें असतें, असें आम्हांस वाटलें.

“हात लावू नका गुरुजी,” म्हातारी दारांतून ओरडली. “त्येचं त्येला यीऊ द्या. तुमी काडलं तर रगत यील.”

तिचें म्हणणें खरें होतें. शेवटच्या तासांत पिलूं कवचालगतच्या शिरांतलें रक्त आणि उरलेला बलक आपल्या पोटांत ओढून घेत असतें. तें पुरें होण्याआधीं कवच काढल्यास रक्तस्राव होतो. चिमटा आम्हीं खालीं ठेवला. पत्नी उठून मागच्या पडवींत गेली आणि पिलूं बाहेर येईपर्यंत आंत आली नाहीं. तें रात्रीं आठाला आलें. सातांपैकीं पांच निघालीं. एक आंतल्या आंत गेलें. एकानें टोंचा मारला आणि तेवढ्यावरच तें थांबलें. तें अंडें पत्नीनें स्वतः परसांत, जास्वंदीखालीं पुरलें.

ओलीं, लुळीं, दिसायला कुरूप पिलें तासाभरांत फुलून कापसाच्या बोंडासारखीं झालीं. त्यांचे पाय पिवळे होते. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हें डार्विनचें मत बव्हंशीं टिकलें आहे. पण कातडीचा हा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नाहीं. तो राखी रानकोंबड्याकडून आला, असें २००८ सालीं जनुकांच्या अभ्यासावरून दिसून आलें. आणि तो राखी रानकोंबडा आमच्या सह्याद्रींतला, तोरण्याच्या रानांतसुद्धां पहाटे ओरडणारा. जगभरच्या खुराड्यांतून हे मावळी पाय हिंडत आहेत, या विचारानें आम्हांस जो अभिमान वाटला तो लपवून ठेवण्याचें कारण दिसत नाहीं.

पिलें अर्थातच म्हातारीचीं. “एक तलंग तुमची,” ती निघतांना म्हणाली. “हितंच ऱ्हाईल, पर तुमची.” पुण्यास आल्यावर दर रविवारीं पत्नी दूरध्वनीवरून खबर घेऊं लागली. मार्गशीर्षांत एक घारीनें नेलें. दोन नर होते. त्यांपैकीं एक म्हसोबाला जाणार, हें म्हातारीनें आडपडदा न ठेवतां सांगितलें. पत्नीनें तें ऐकून घेतलें, आणि “आणि आपली?” असें विचारलें.

आपली वैशाखांत अंडीं घालूं लागली. गेल्या सोमवारीं गांवाकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर म्हातारीनें चार अंडीं पेंढ्यांत बांधून पाठविलीं; बरोबर निरोप, कीं पहिल्या वेताचीं आहेत, खा. आमच्या घरीं तीं कोण खाणार? पत्नीनें तीं डब्यांत न ठेवतां फळीवर, गार कोपऱ्यांत, टोंकें खालीं करून मांडून ठेवलीं आहेत. सकाळ-संध्याकाळ ती त्यांचा कल बदलते. रवणीसाठीं ठेवलेलें अंडें सात-आठ दिवसांपर्यंत चांगलें राहतें, उन्हाळ्यांत त्याहून कमी; पुढें उतरत जातें. आज पांचवा दिवस. काल रात्रीं तिनें विचारलें, आळींत सध्यां कोणाची कोंबडी खुडूक आहे का. आणि आम्हीं म्हातारीचा नंबर लावून दिला.