तिसरा हात

परमेश्वराने माणसाला दोन हात दिले ते संसारापुरते पुरे आहेत; वाद्य वाजवणाऱ्याला मात्र ते कधीच पुरलेले नाहीत. पेटीवाल्याचा एक हात भात्यात गुंतलेला, म्हणून सूर धरायला एकच उरतो. ऑर्गन घडवणाऱ्याने ही अडचण ओळखली आणि भाता पायांखाली नेला. आवाज मोठा करण्यासाठीही पट्ट्यांवरचा हात उचलावा लागू नये म्हणून त्याने वादकाच्या गुडघ्याजवळ एक दांडी बसवली. गुडघा बाजूला रेटला की आवाज फुलतो. आपल्या संगीत नाटकांनी हे वाद्य आपलेसे केले, आणि गायकाच्या तानेबरोबर ऑर्गनवाल्याचा गुडघा हलताना पाहण्याची मौज जुन्या रसिकांनी मनसोक्त लुटली. वाद्यांचा इतिहास म्हणजे एका परीने या तिसऱ्या हाताचा शोधच आहे.

विजेच्या गिटारवाल्याचीही गोष्ट हीच. त्याचे दोन्ही हात तारांवर, आणि तारांतून निघालेला सूर मात्र ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचण्यापूर्वी नाना रूपे घेऊ शकतो. एक डबी त्याला खरखरीत करते, दुसरी त्याचा प्रतिध्वनी उमटवते, तिसरी त्याला विहिरीतल्यासारखा घुमारा देते. १९६२ साली अमेरिकेत सुराला खरखरीत करणारी, पायाने दाबायची पहिली डबी विक्रीस आली; पुढे त्यांची संख्या वाढत गेली. आज गिटारवाल्याच्या पायांशी अशा डब्यांची एक ओळच मांडलेली असते. मुखडा सौम्य, अंतरा घुमारलेला, मधला तुकडा खरखरीत, असे एका गाण्यात पाच-सहा बदल असले म्हणजे बिचाऱ्याची नजर श्रोत्यांकडे कमी आणि स्वतःच्या पावलांकडे अधिक.

माझा पुतण्या इथे इंदुरात कॉलेजात शिकतो आणि चार मित्रांबरोबर जुनी नाट्यगीते गिटार व तबला यांच्या साथीने बसवतो. गेल्या वर्षी त्याने या पायपिटीवर उतारा शोधला. व्यासपीठावर त्याच्याजवळ एका घोडीवर काचेची पाटी आली. तिला टॅबलेट म्हणतात. मला मात्र त्या नावाने औषधाची गोळी आठवते, म्हणून मी पाटीच म्हणतो. "काका, आता पायाला काम नाही," तो म्हणाला, "सगळे बदल हीच करते."

ते कसे, हेही त्याने मला समजावले. विजेच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९८३ साली मिडी नावाची एक सामाईक भाषा ठरली. निरनिराळ्या कंपन्यांनी ती मान्य केली आणि चाळीस वर्षांनंतरही ती चालू आहे. या भाषेत ध्वनीचे रूप बदलण्याचा निरोप अगदी तुटक असतो: रूप बदल, आणि अमुक क्रमांकाचे घे. क्रमांक शून्य ते १२७, म्हणजे एकूण १२८ रूपे. तारेतून हा निरोप जायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. पाटीला आधी गाण्याची लय सांगून ठेवायची. मग ती मनाशी मात्रा मोजत राहते आणि नेमून दिलेल्या ठिकाणी निरोप धाडते. वादक आणि पाटी यांची फारकत होऊ नये म्हणून तबलजीच्या कानात एक बोंडूक बसवून त्यातून लयीची टकटक ऐकवायची. खर्च झाला होता, मेहनत झाली होती, आणि तालमीत सारे निर्दोष उतरत होते.

त्या गणेशोत्सवात एका मंडळापुढे त्यांचे गायन झाले. मंडळींत साठी उलटलेले रसिक पुष्कळ. गाणारी मुलगी तयारीची. एका नाट्यपदाच्या अंतऱ्यातली एक जागा तिच्या गळ्यातून अशी काही उतरली की मागच्या रांगेतून "वन्स मोअर!" असा पुकारा झाला. आपल्या रंगभूमीचा हा जुना कौल. तिने परंपरेला स्मरून पद पुरे होण्याची वाट न पाहता अंतरा पुन्हा धरला. पाटीला मात्र कोणीही पुकारलेले ऐकू आले नव्हते. ती पुढे निघून गेली, आणि त्या हळुवार ओळीखाली गिटार एकाएकी करवतीसारखी करकरू लागली. मुलगी क्षणभर अडखळली. तबलजीने कानातले बोंडूक काढून ठेका सावरला, पुतण्याने पाटी बंद केली, आणि पद कसेबसे तडीस गेले.

तंटा त्यानंतर उभा राहिला. पुतण्याचे म्हणणे, यापुढे वन्स मोअर घ्यायचा नाही. तालमीत ठरले तसेच गायचे. मुलीचे म्हणणे, "मी समोरच्या माणसांसाठी गाते, पाटीसाठी नाही." पुढच्या कार्यक्रमाला आपण नसू, असेही तिने सांगून टाकले. दोन वर्षांची मंडळी फुटायची वेळ आली, आणि माझ्या अंगावर काळा कोट असल्यामुळे दोन्ही पक्ष माझ्या बैठकीत येऊन बसले.

पुतण्याची बाजू लंगडी नव्हती. बंगळूरच्या जी. राज नारायण या अभियंत्याने १९७९ च्या सुमारास विजेचा तंबोरा तयार केला, तेव्हाही नाके मुरडली गेली असतील. आज गवयांच्या घराघरांत तो वाजतो. मग पाटीनेच काय पाप केले? त्यावर मला असे दिसले की, तंबोऱ्याला निर्णय असा काही घ्यावाच लागत नाही. गायक थांबला तरी तो वाजतो, आणि तसेच वाजणे हा त्याचा धर्म आहे. साथीदाराचा धर्म निराळा. आमच्या इंदूरनेच वाढवलेले उस्ताद अमीर खाँ चौदा मात्रांच्या झूमऱ्यात अतिविलंबित ख्याल गात, आणि त्यांना तबला हवा असे तो अगदी साध्या ठेक्याचा. वरवर पाहता हे काम यंत्रानेही केले असते. पण दोन मात्रांमधले ते लांबलचक मौन गायकाच्या श्वासाकडे कान देऊन सांभाळायचे, आणि त्याने लय किंचित पुढे न्यावी असे सुचवताच तीही न्यायची, याला माणूसच लागतो. बालगंधर्वांमागे थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. तिथे एक पद किती वेळा फिरून येईल हे पडदा उघडताना कोण सांगू शकत होते?

आमच्या धंद्यातही हेच आहे. उलटतपासणीचे प्रश्न मी रात्री लिहून काढतो. परंतु तिसऱ्या प्रश्नाला साक्षीदार काय बोलतो ते ऐकल्यावाचून जो वकील चौथा प्रश्न वाचून दाखवतो, त्याच्या अशिलाचे देवच रक्षण करो. आणि देवाचे नाव निघालेच आहे तर आपल्या देवळांकडेही पाहावे. पुष्कळ ठिकाणी नगारा, झांज आणि घंटा आता विजेच्या मोटरीवर वाजतात. माणसे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे, आणि यंत्र बसवणाऱ्यांना मी दोष देत नाही. परंतु कळ दाबली की त्याची गती ठरली. आरती म्हणणाऱ्या वृद्धाचा श्वास पुरतो की नाही, याची त्याला वार्ता नसते. उलट गोव्यात चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या साथीने आरत्या होतात तिथे वाजवणारे म्हणणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत असतात. आवाज दमला की हात आवरतो, सूर चढला की हातही चढतो.

मी दोघांना माझा निवाडा सांगितला तो असा. या कामात दोन गोष्टी आहेत, 'काय' आणि 'केव्हा'. कोणत्या ओळीला कोणते रूप, याची यादी स्मरणात ठेवणे हे 'काय'; ते पाटीने खुशाल करावे, तिची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली आहे. तो क्षण कधी आला हे ठरवणे 'केव्हा'. ते पाटीच्या घड्याळाकडून काढून घ्यावे. बाजारात दोन खटक्यांचे बिनतारी पायताळ मिळते. पुष्कळ वादक त्याने पाटीवरचे स्वरलिपीचे पान उलटतात. एका खटक्याने यादीतील पुढचे रूप, दुसऱ्याने मागचे. वन्स मोअर आला की मागचा खटका दाबावा.

"म्हणजे पुन्हा पाय आलाच की, काका!" पुतण्या म्हणाला.

"आला," मी म्हटले, "पण पूर्वी पाय डब्या शोधत होता, आता तो गाणे ऐकेल."

मुलीने एक अट घातली, तबलजीच्या कानातले बोंडूक कायमचे निघावे. ती मान्य झाली. पुतण्याला काही गमवावे लागलेच, हे मी लपवत नाही. तालमीतली ती हुकमी अचूकता आता त्याच्या हाती नाही. एखाद्या रात्री त्याचा पाय उशिरा पडेल आणि त्याचे बोलणे त्यालाच खावे लागेल. पण साथीला बसणाऱ्याने ही जोखीम पूर्वीपासून पत्करलेली आहे. तिच्याच मोबदल्यात त्याला गाणाऱ्याच्या शेजारची जागा मिळते.

तिसरा हात माणसाने जरूर शोधावा. भाता, गुडघ्याची दांडी, पायाची डबी, काचेची पाटी, ही सारी एकाच वंशातली आहेत आणि पुढेही तो वंश वाढेल. त्या हाताकडे ओझे द्यावे, मोजदाद द्यावी, पाठांतर द्यावे. कान मात्र आपलेच ठेवावेत; कारण समोरचा माणूस कुठे थांबेल, हे त्याला स्वतःलाही पुष्कळदा तिथे पोहोचल्यावरच कळत असते.